सेट २००, मीटर २६०

मोल्डिंग मशीनचं बॅरल, पाइप काढणारा एक्स्ट्रूडर, पाकिटं सील करणारं पॅकिंग मशीन, पेंट भाजायची भट्टी, प्लेटिंगच्या टाकीतला इमर्शन हीटर. विजेवर काहीही तापवायचं असेल तिथे आज पॅनेलमध्ये सॉलिड स्टेट रिले, म्हणजे एसएसआर, हमखास सापडतो. पूर्वी हे काम कॉन्टॅक्टर करायचा. पण तापमान एक-दोन अंशांत धरून ठेवायचं तर कंट्रोलर दर दोन सेकंदांनी हीटर चालू-बंद करतो. चोवीस तासांत ४३,२०० वेळा. काही लाख ऑपरेशनचं आयुष्य असलेला कॉन्टॅक्टर या हिशेबाने काही आठवड्यांत संपेल. एसएसआरमध्ये हलणारा भागच नाही. आत एक छोटा एलईडी, त्याच्या उजेडावर चालणारा ट्रिगर, आणि मुख्य करंट वाहून नेणारा ट्रायॅक किंवा उलटसुलट जोडलेले दोन थायरिस्टर.

माझी नोकरीची बरीच वर्षं भोसरी, चाकण, बुटीबोरी इथल्या कारखान्यांत अशा पॅनेलसमोर गेली. आयटीआय करून आलेली मुलं माझ्याकडे शिकायला येतात. हुशार असतात, हात चालतो. पण रिले गेला की रिले बदलतात, हीटर गरम झाला की पान्हा पिशवीत टाकतात. चार दिवसांनी तोच रिले पुन्हा जातो. म्हणून या गोष्टी लिहून ठेवतो आहे.

१. एसएसआर मरतो तो बहुतेक वेळा चालू अवस्थेत.

साध्या रिलेची कॉइल जळाली तर हीटर थंड पडतो, ऑपरेटर ओरडत येतो. एसएसआरचं उलटं आहे. आतली सिलिकॉनची चकती जळली की ती सहसा शॉर्ट होते आणि हीटरला करंट जातच राहतो. सेट २००, मीटर २६०, कंट्रोलरचा आउटपुटचा दिवा विझलेला, आणि आकडा अजून चढतोच आहे. हे चित्र दिसलं की डोक्यात तीन शक्यता हव्यात: एसएसआर शॉर्ट झाला आहे, किंवा कंट्रोलरकडून त्याला सिग्नल अजून मिळतो आहे, किंवा बॅरलच्या दोन झोनच्या वायरी एकमेकींत अदलाबदल झाल्या आहेत.

यातला निवाडा करायला पाच मिनिटं पुरतात. एमसीबी खाली करा. एसएसआरच्या ३ नंबरच्या टर्मिनलवरची कंट्रोलची वायर काढून तिच्या टोकाला टेप लावा. एमसीबी वर करा आणि हीटरच्या वायरीला क्लॅम्प मीटर लावा. सिग्नल नसतानाही पूर्ण करंट दाखवला, तर एसएसआर गेला. करंट थांबला, तर एसएसआरला हात लावू नका, कंट्रोलर आणि त्याच्या वायरिंगकडे वळा. करंट थांबला पण बॅरल ज्या झोनचं तापलं आहे तो झोन हा नव्हेच, तर तिसरी शक्यता. लाइनवर नवीन मशीन बसवल्यानंतर किंवा हीटर बदलल्यानंतर ही तिसरी शक्यता मी पहिल्यांदा तपासतो.

२. एसएसआर बंद आहे म्हणजे वीज बंद आहे, असं कधीही समजू नका.

हे वाक्य मी प्रत्येक मुलाकडून पाठ करून घेतो. एसएसआरच्या आत, आउटपुटच्या दोन टोकांमध्ये, व्होल्टेजचे झटके गिळण्यासाठी रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी असते. एसएसआर बंद असतानाही तिच्यातून काही मिलिअँपिअर गळती चालू राहते. हीटरच्या दृष्टीने ती काहीच नाही, माणसाच्या बोटाच्या दृष्टीने पुष्कळ आहे.

त्यातून पॅनेलची जोडणी कशी आहे ते पाहिलं पाहिजे. सिंगल फेजमध्ये कोणी एसएसआर न्यूट्रलमध्ये टाकलेला असेल, तर हीटर थंड असतानाही त्याच्या टर्मिनलवर पूर्ण फेज उभा असतो. थ्री फेजमध्ये पैसे वाचवायला दोनच फेजमध्ये एसएसआर टाकतात आणि तिसरी फेज थेट हीटरला जाते. कंट्रोलसाठी ही जोडणी चालते, पण त्या हीटरला एसएसआर बंद असताना हात लावणारा माणूस वाचेलच असं नाही. म्हणून आयसोलेटर खाली, त्याला कुलूप, किल्ली आपल्या खिशात, आणि टर्मिनलवर मीटरने खात्री. मशीन घाईचं आहे, ट्रक दारात उभा आहे, ही कारणं मी ऐकून घेत नाही.

३. मल्टिमीटर एकटा साक्षीदार म्हणून चालत नाही, सोबत बल्ब हवा.

हीटर काढून ठेवलेला, एसएसआर बंद, आणि आउटपुटवर मीटर लावला तर २३० व्होल्ट दिसतात. लगेच ‘गेला, शॉर्ट झाला’ म्हणून चांगला एसएसआर भंगारात टाकतात. ते व्होल्टेज त्या गळतीचं असतं. डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स इतका मोठा की एवढीशी गळतीसुद्धा त्याला पूर्ण व्होल्टेज वाटते.

टेबलावर तपासायचं तर १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब आउटपुटच्या सिरीजमध्ये लावा. ३ वर प्लस आणि ४ वर मायनस धरून ९ व्होल्टची बॅटरी द्या. बॅटरी नसताना बल्ब पूर्ण काळा, बॅटरी लावल्यावर पूर्ण उजेड, काढल्यावर पुन्हा काळा, तर रिले बरा. बॅटरी लावूनही उजेड मंद आणि थरथरता असेल, तर दोन थायरिस्टरपैकी एकच काम करतो आहे. असा अर्धा मेलेला रिले मशीनवर ओळखणं कठीण जातं, कारण हीटर तापतो, फक्त सेटपर्यंत पोचत नाही, आणि सगळे हीटरलाच दोष देतात. एलईडी बल्बवर ही परीक्षा घेऊ नका, तो गळतीवरच मिणमिणतो. फिलामेंटचे बल्ब आता दुकानात शोधावे लागतात, मिळाले तर दोन घेऊन ठेवा. आणि १२ व्होल्टचा डीसी बल्ब लावूनही तपासू नका. थायरिस्टर करंट शून्यावर आल्याशिवाय बंद होत नाही, आणि डीसीमध्ये करंट शून्यावर येतच नाही.

या परीक्षेची मर्यादाही सांगतो. १०० वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. त्यावर पास झालेला रिले १५ अँपिअरवर, तापल्यावर, नापास होऊ शकतो. शेवटची परीक्षा मशीनवर, खऱ्या हीटरवर, तासभर चालवूनच.

४. रिलेवरचा लाल दिवा फक्त इनपुट सांगतो.

दिवा पेटला म्हणजे कंट्रोलरकडून सिग्नल आला. आउटपुट चालू आहे की नाही याच्याशी त्या दिव्याचा संबंध नाही. इनपुटच्या बाजूला पाहायच्या गोष्टी मोजक्या: प्लस-मायनस उलटे नाहीत ना, आणि चालू असताना ३ आणि ४ मध्ये खरोखर किती डीसी व्होल्ट मिळतात. बाजारातले बहुतेक डीसी इनपुटचे एसएसआर ३ ते ३२ व्होल्टवर चालतात. एका कंट्रोलरच्या आउटपुटवर तीन-तीन एसएसआर पॅरलल जोडलेले असले की सिग्नल बसतो, आणि रिले कधी लागतो, कधी लागत नाही.

एसी इनपुटचा एसएसआर दिसायला अगदी तसाच असतो. घाईत स्टोअरमधून कुठला आणला ते अक्षरं वाचून बघा. डीसीच्या इनपुटवर २३० व्होल्ट गेले की तिथेच खेळ संपतो. कंट्रोलरचंही तेच: रिले आउटपुटचा कंट्रोलर नुसता कोरडा कॉन्टॅक्ट देतो, व्होल्टेज देत नाही. एसएसआरसाठी व्होल्टेज आउटपुटचं मॉडेल वेगळं मागवावं लागतं.

५. एसएसआर उष्णतेने मरतो, आणि ती उष्णता त्याची स्वतःची असते.

माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर.

कॉन्टॅक्टरचे चांदीचे पॉइंट एकमेकांना टेकले की त्यांच्यावर व्होल्टेज जवळपास शून्य पडतं. सिलिकॉनचं तसं नाही. एसएसआर चालू असताना त्याच्या दोन टोकांमध्ये एक ते दीड व्होल्ट पडतातच. २० अँपिअर वाहत असतील तर २० ते ३० वॅटची उष्णता त्या काडेपेटीएवढ्या डब्यात तयार होते. म्हणजे पॅनेलच्या आत एक सोल्डरिंग आयर्न दिवसरात्र चालू ठेवल्यासारखं. पाच झोन असले तर पाच. ही उष्णता बाहेर जायला एकच वाट असते: तळाची धातूची प्लेट, थर्मल पेस्ट, हीटसिंक, हवा. या साखळीतली एक कडी तुटली की आतलं तापमान वाढतं, साधारण १२५ अंशांच्या पुढे थायरिस्टर बंद राहायचं विसरतो, आणि सिग्नल नसताना करंट जाऊ लागतो. मशीन थांबवून चहा पिऊन या, रिले थंड झालेला असतो आणि पुन्हा नीट चालतो. ‘सकाळी बरोबर असतं, दुपारी वेडं होतं’ अशी तक्रार आली की मी आधी हीटसिंकला हात लावतो. वीज बंद करून, अर्थात.

पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. कधी पेस्ट इतकी थापलेली असते की धातूला धातू लागतच नाही. पातळ थर हवा, धातूमधले बारीक खळगे भरण्यापुरता. कधी रिले पावडर कोटिंग केलेल्या पत्र्यावर थेट कसलेला असतो, आणि रंगाचा थर उष्णता अडवून बसतो. हीटसिंकचे पंख उभे हवेत, म्हणजे गरम हवा वर सरकते. आडवे लावलेले पंख, किंवा पंखांच्या डोक्यावर वायरिंगची डक्ट, ही पॅनेल बनवणाऱ्याची चूक रिले वर्षानुवर्षं भोगतो.

रिलेवर ४० अँपिअर लिहिलं आहे, हे योग्य हीटसिंकवर आणि थंड हवेत. हीटसिंकशिवाय तोच रिले जेमतेम चार-पाच अँपिअरचा धनी. प्रत्येक कंपनी एक आलेख देते: भोवतालचं तापमान वाढलं की करंट किती कमी करायचा. तो आलेख पाहायला मी बुटीबोरीत शिकलो. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश, शेडच्या पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि बॅरलला खेटून ठेवलेल्या बंद पॅनेलमध्ये ६०. पुण्यात वर्षभर चाललेली तीच रचना तिथे उन्हाळ्याच्या पहिल्या महिन्यात रिले खाऊ लागते. तिथे १५ अँपिअरच्या लोडला मी ४० चाच रिले लावतो आणि कोणी जास्त म्हटलं तरी ऐकत नाही.

पॅनेलच्या पंख्याची जाळी महिन्याला धुवा. पंखा फिरतो आहे एवढं बघून पुढे जाऊ नका, जाळीपाशी कागद धरा, हवा ओढते का बघा. दार उघडं टाकून समोर टेबल फॅन लावण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. मला ती मुळीच मान्य नाही. प्लास्टिकची आणि लोखंडाची धूळ टर्मिनलवर बसते, आणि येणाऱ्याजाणाऱ्या माणसाचा खांदा ४१५ व्होल्टपासून वीतभर अंतरावर असतो.

६. स्वस्त रिले घेताना आत काय आहे ते विचारा.

४० अँपिअरची चिठ्ठी लावून आत १६ अँपिअरचा ट्रायॅक असलेले रिले बाजारात राजरोस मिळतात. तळाची प्लेट पातळ, वजन हलकं, टर्मिनलचे स्क्रू पत्र्यासारखे. व्होल्टेजही बघा. २४० व्होल्टचं शिखर ३३९ व्होल्टचं असतं, ४१५ व्होल्टचं ५८७. त्यावर मोटारी आणि वेल्डिंग मशीन चालू-बंद होतानाचे झटके वेगळे. म्हणून ४१५ व्होल्टवर ६०० व्होल्ट सोसणारा रिले लावणं म्हणजे त्याला काठावर उभं करणं आहे. तिथे १,२०० व्होल्टचाच हवा, आणि आउटपुटवर हे झटके गिळणारा एमओव्ही.

७. नवा रिले बसवण्याआधी हीटर तपासा.

रिले जळला हे दिसतं, त्याला कोणी जाळलं हे दिसत नाही. बॅन्ड हीटरमधला अभ्रक फुटतो, वायर बॅरलला टेकते, क्षणभर शॉर्ट होतो. एमसीबी ट्रिप होते, पण ती ट्रिप होईपर्यंत रिले आधीच गेलेला असतो. सिलिकॉन वाचवायचं तर सेमीकंडक्टरसाठीचा वेगवान फ्यूजच लागतो. तो महाग आहे, हे मान्य. मोठ्या लोडवर तो रिलेपेक्षा स्वस्त पडतो, आणि थांबलेल्या मशीनपेक्षा तर नक्कीच.

हीटर तपासायला हिशेब सोपा आहे: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्टवर १ किलोवॅटच्या हीटरचा रेझिस्टन्स सुमारे ५३ ओहम आला पाहिजे, ३ किलोवॅटचा साडेसतरा. त्यानंतर वायरी रिलेपासून सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने अर्थपर्यंतचं इन्सुलेशन. वायरी सोडवणं विसरू नका, मेगरचे ५०० व्होल्ट कंट्रोलरला मारून टाकू शकतात.

कोकणातल्या कारखान्यांत इन्सुलेशनची ही गोष्ट पावसाळ्यात फार भोवते. नळीच्या हीटरमध्ये नायक्रोमच्या तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते, आणि ती हवेतला ओलावा शोषते. मशीन रोज चालतं तोवर ओलावा टिकत नाही. गणपतीच्या सुट्टीत मशीन आठवडाभर थंड राहिलं की तोंडाशी ओल भरते, इन्सुलेशन खाली येतं, आणि सुट्टीनंतरच्या सकाळी स्विच वर करताच गळती पकडणारा ईएलसीबी पडतो किंवा रिले उडतो. अशा वेळी हीटर खराब झालेला नसतो, ओला असतो. डेल्टामध्ये चालणारा थ्री फेज हीटर तात्पुरता स्टारमध्ये जोडला की तो एक तृतीयांश वॅटवर चालतो. तसा काही वेळ चालवून सुकवा, मेगर पुन्हा घ्या, आकडा वर आला की मूळ जोडणी करा.

८. ढिला स्क्रू.

टर्मिनलजवळची वायर तपकिरी झाली, इन्सुलेशन कडक झालं, की समजा तिथे उष्णता जोडातून येते आहे. लग क्रिम्प केलेला हवा, नुसते पिळलेले तंतू स्क्रूखाली घालू नका. काही दिवस चालवल्यानंतर, मशीन थंड असताना, सगळे स्क्रू एकदा पुन्हा आवळा. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत स्क्रूवर धरला तर तो खूप कमी आकडा दाखवतो. वाचन लगशेजारच्या काळ्या स्लीव्हवर घ्या.

९. मीटरवरचा आकडा खरा आहे का?

तापमान मोजणारा थर्मोकपल बॅरलच्या भोकातून निसटून लोंबतो आहे. त्याला हवेचं तापमान दिसतं, कंट्रोलर हीटर चालूच ठेवतो, माल करपून काळा पडतो, आणि मीटर मात्र शांतपणे ९० दाखवतो. रिले निर्दोष असतो. मीटर कमी आणि माल जळका, असं दिसलं की आधी थर्मोकपल हाताळा.

सेन्सरच्या प्रकाराची गल्लत होणंही नेहमीचं. ‘जे’ प्रकारच्या सेटिंगवर ‘के’ प्रकारचा सेन्सर लावला, तर बॅरल २०० अंशांवर असताना मीटर दीडशे-एकशेसाठ दाखवतो, कारण ‘के’ सेन्सर दर अंशाला ‘जे’पेक्षा कमी व्होल्टेज देतो. ऑपरेटर सेट वाढवत नेतो. बदललेला सेन्सर आणि कंट्रोलरमधलं सेटिंग, दोन्ही एकाच बैठकीत पाहायची सवय लावून घ्या.

१०. एसएसआरच्या आधी एक कॉन्टॅक्टर हवाच.

‘आता एसएसआर आहे ना, मग हा कॉन्टॅक्टर कशाला वाढवता?’ हे मी कित्येक मालकांकडून ऐकलं आहे. पहिल्या मुद्द्यात उत्तर आहे: एसएसआर शॉर्ट होऊन मरतो, आणि तेव्हा कंट्रोलरच्या हातात काहीच उरत नाही. कंट्रोलर बंद म्हणतो, दिवा विझलेला असतो, आणि करंट जातच असतो.

म्हणून प्रत्येक झोनला नाही तरी प्रत्येक मशीनला एक कॉन्टॅक्टर, आणि त्याच्या कॉइलमध्ये वेगळा हाय लिमिट कंट्रोलर. त्याचा सेन्सर वेगळा. एकाच थर्मोकपलवर दोन मीटर जोडून ‘सेफ्टी केली’ म्हणणं मला पटत नाही, तो थर्मोकपल निसटला की दोन्ही मीटर एकच खोटं बोलतात. रीसेट हाताने करायचा, म्हणजे कोणीतरी येऊन कारण बघेल. टाकीतल्या हीटरला लेव्हल स्विचही त्याच साखळीत, कारण पाणी खाली गेलं आणि हीटर उघडा पडला तर आग लागायला वेळ लागत नाही.

हा खर्च मी हट्टाने करायला लावतो, कारण प्रश्न मालाचा नसतो. पीव्हीसी जास्त तापलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, छातीत जाणारा. अ‍ॅसिटल प्लास्टिक जास्त तापलं की फॉर्मॅल्डिहाइड तयार होतं, बंद बॅरलमध्ये दाब वाढतो आणि वितळलेला माल नोझलमधून समोर उडतो. समोर बहुतेक वेळा विशीतला पोरगा बसलेला असतो, कंत्राटावरचा, ज्याला एसएसआर म्हणजे काय हे कोणी सांगितलेलं नसतं. त्याला निदान एवढं तरी सांगा: मीटर सेटच्या वर २० अंश गेला तर मेन स्विच खाली करायचा, कोणाची वाट बघायची नाही.

हाय लिमिट बसवून विसरून जाऊ नका. महिन्यातून एकदा त्याचा सेट चालू तापमानाच्या खाली आणा आणि कॉन्टॅक्टर पडतो का ते कानाने ऐका. पडला नाही, तर मशीन तिथेच थांबवा.

११. काम झाल्यावर आकडे लिहा.

पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: झोन, हीटरचे वॅट, थंड असतानाचा रेझिस्टन्स, कंट्रोलर मॅन्युअलवर १०० टक्के ठेवून घेतलेला करंट, रिले बदलल्याची तारीख, आणि जुना का गेला. १०० टक्क्यांवर ठेवूनच घ्या, नाहीतर दर दोन सेकंदांनी उघडझाप होणाऱ्या करंटमध्ये क्लॅम्प मीटर काहीही दाखवतो. हीटरच्या तीन पट्ट्या असलेल्या झोनला मागच्या महिन्यात ९ अँपिअर होते आणि आज ६ आहेत, म्हणजे तिघींतली एक गेली आहे, आणि उरलेल्या दोघी दिवसभर न थांबता चालून तापमान ओढत आहेत. रिलेही तेव्हा एक सेकंद विसावत नाही. ती पट्टी आजच्या पाळीतच बदलून घ्या.